बिनदाराचे घर : पाचटातून इंधन काढण्याची कथा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगावला आत वळले, की थोड्याच वेळात शनिशिंगणापूर येते. नेवासे तालुक्यातले हे गाव. येथील शनिदेवाला देऊळ नाही, डोक्यावर छप्पर नाही. काळ्या पाषाणाची शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस सोशीत उभी आहे. देवालाच दार नाही, मग भक्तांनी तरी आपल्या घराला कशाला लावावे? म्हणून या गावात घराला दार-कुलूप न लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

हे तुम्ही सगळे जाणताच. आज मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका बिनदाराच्या घराविषयी. ते घर शिंगणापूरच्या शिवारात आहे, शेजारच्या सोनईच्या आहे, आणि मुळेचे, प्रवरेचे, गोदावरीचे पाणी जिथे जिथे उसाला पोचले तिथे तिथे आहे. ते घर म्हणजे उसाचे पाचट. गावातल्या घराला दार नाही, कारण चोराची भीती नाही. पाचटाच्या घराला दार नाही, कारण कुणी आत येऊच नये अशी निसर्गाची योजना आहे. आत साखर भरलेली आहे आणि ती बाहेर कशी काढावी या विवंचनेत माणूस दोनशे वर्षे त्या भिंतीभोवती फेऱ्या घालतो आहे.

तुम्ही म्हणाल, पाचटात कसली साखर? चघळून पाहिले तर नुसता चोथा! बरोबर आहे. पण आपल्या गोठ्यातली गाय काय खाते ते पाहा. कडबा, भुसा, वाळले गवत. त्यावर ती जगते, नांगराला बैल देते, घरात दूध देते. ही शक्ती तिला कुठून मिळते? त्या काडीतच ती आहे. गाईच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव काडी फोडतात आणि तिच्यातली साखर मोकळी करतात. आपल्या पोटात ते जीव नाहीत, म्हणून आपल्याला तो नुसता चोथा.

आता ही भिंत कशी बांधलेली आहे ते पाहू. तुरीच्या काड्यांचा कूड तुम्ही पाहिला असेल, कुणी स्वतः घातलाही असेल. आधी तुराट्या उभ्या करायच्या, मग त्या सुतळीने किंवा काथ्याने बांधायच्या आणि वरून माती-शेणाचे लिंपण द्यायचे. वनस्पतीची भिंतही तशीच आहे. तिच्यातल्या तुराट्या म्हणजे सेल्युलोज. साखरेचे हजारो कण माळेतल्या मण्यांसारखे ओवले, की सेल्युलोजचा धागा होतो. वेचलेला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. बांधणीची सुतळी म्हणजे हेमिसेल्युलोज. तीही साखरेचीच, पण वेगळ्या जातीच्या. आणि वरचे लिंपण म्हणजे लिग्निन. लाकूड कठीण होते, ऊस वाऱ्यात उभा राहतो, काडी पावसात लवकर कुजत नाही, ते या लिग्निनमुळे. गाईच्या पोटातूनही ते बहुतांशी तसेच शेणात उतरते. उसाच्या चिपाडात, पाणी सोडून, साधारण चार दशांश भाग सेल्युलोज, पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज आणि पंचमांशाच्या आसपास लिग्निन असते. म्हणजे निम्म्याहून जास्त माल साखरेचा, पण तो लिंपणाच्या आड दडलेला.

त्या भिंतीवर पहिला घाव घातला तो फ्रान्समध्ये. १८१९ साली आँरी ब्राकॉनो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जुन्या तागाच्या चिंध्या तीव्र गंधकाम्लात घातल्या, पुढे पाणी घालून उकळल्या आणि त्यातून चक्क साखर काढली. चिंध्यांची साखर! ती आंबवली तर मद्यार्क होतो, हेही त्याला दिसले. पुढे १८३८ च्या सुमारास आन्सेल्म पायेन या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाकडातला हा मूळ पदार्थ वेगळा ओळखला आणि ‘सेल्युलोज’ हे नाव रूढ झाले.

मग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात लाकूड कापण्याच्या गिरण्यांतल्या भुशापासून मद्यार्क काढण्याचे कारखानेही निघाले. ते चाललेही. पण पहिले महायुद्ध संपल्यावर बंद पडले. का बरे? कृती चुकली म्हणून नव्हे. तोच मद्यार्क मळीपासून स्वस्त पडू लागला म्हणून. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. या सबंध इतिहासात ती पुन्हा पुन्हा आपल्याला भेटणार आहे. भिंत फोडणे ही एक विद्या आहे आणि फोडून संसार चालवणे ही दुसरी.

मळीचे नाव निघाले, तेव्हा आपल्या जिल्ह्याकडे यायला हवे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९४८ साली नोंदलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू केले. पुढे मुळा नदीवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला धरण झाले, उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यात आले आणि सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शिंगणापूरच्या वाटेवर हंगामात उसाच्या गाड्या दिसतात त्या या पाण्याच्या पुण्याईने.

कारखान्यात एक टन ऊस गेला, की साखरेखेरीज सुमारे पावणेतीनशे ते तीनशे किलो ओले चिपाड आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. मळीतली साखर उघडी असते, तिला भिंत नसते. यीस्ट टाकले की ती आंबते आणि ऊर्ध्वपातन केले की मद्यार्क हाती येतो. त्यातले पाणी पुरते काढले, की तो पेट्रोलमध्ये मिसळता येतो. त्याला आज आपण इथेनॉल म्हणतो. ही कल्पनाही नवी नाही. आपल्या देशात १९४८ सालीच ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला होता. पुढे २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम झाले ते महाराष्ट्रात मिरजेला आणि आपल्या शेजारी मनमाडला, तसेच उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ साली नऊ राज्यांत शंभरात पाच भाग मिसळण्याचे ठरले. २०२२ साली देशाने दहा टक्क्यांचा पल्ला गाठला आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा.

मग उघडी साखर हाती असताना त्या बिनदाराच्या घराच्या मागे कशाला लागायचे? याचे उत्तर २०२३ साली मिळाले. त्या वर्षी पावसाने दगा दिला, ऊस कमी होणार असे दिसू लागले, आणि डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. आधी साखर, मग इंधन. पुढे ऊस बरा दिसू लागला, तेव्हा २०२४ मध्ये ते निर्बंध उठले. पण एक धडा मिळाला. जे इंधन आपल्या ताटातल्या वस्तूपासून होते, ते पावसाच्या मर्जीवर चालते आणि ताट रिकामे दिसले की थांबते. म्हणून जे माणसाने खायचे नाही, त्यापासून इंधन काढण्याचा विचार शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा करीत आले.

आता द्रावकाची गोष्ट. शनीच्या चौथऱ्यापाशी तेल वाहण्याची रीत आहे. तिथे सदऱ्यावर तेल सांडले, तर नुसत्या पाण्याने तो डाग जात नाही. पण रॉकेलचा बोळा फिरवला, की तेल त्यात विरघळून सुटते. ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो त्याला द्रावक म्हणतात. मिठाला पाणी चालते, तेलाला रॉकेल. तसे लिग्निनच्या लिंपणाला कोणते द्रावक चालेल?

आम्लाची रीत म्हणजे कुडावर पहार घालण्यासारखी होती. भिंत पडे, पण आतली साखरही बरीचशी करपून जाई. द्रावकाची रीत वेगळी. लिंपण भिजवायचे, सैल करायचे, अलगद उतरवायचे आणि आतल्या तुराट्या शाबूत बाहेर काढायच्या. १९३१ साली थेओडोर क्लाइनर्ट आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवून दिले, की मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणात लाकूड दाबाखाली शिजवले, तर लिग्निन त्यात उतरते. मौज अशी, की जो मद्यार्क काडीतून काढायचा, तोच काडी उघडायच्या कामी येतो. क्लाइनर्टला मात्र इंधन करायचे नव्हते, कागद करायचा होता. या रीतीने कागदाचा लगदा करण्याचा कारखाना कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात १९८९ साली चालू झाला आणि १९९६ च्या सुमारास थांबला. विद्या खरी होती, पण संसार चालला नाही.

लिंपण उतरल्यावर माळेतले मणी सुटे करायचे काम उरते. त्याची किल्ली दुसऱ्या महायुद्धात सापडली. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले. त्यावर एक बुरशी सापडली. कापूस खाऊन पचवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ती भरपूर सोडीत होती. एल्विन रीस या शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला आणि पुढे तिला त्याच्याच नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीसी’ म्हणू लागले. ज्या बुरशीने तंबू कुजवले, तीच साखर सुटी करणारी मजूर ठरली! आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा बुरशींवर काम झाले.

महाराष्ट्रातल्या माणसांनी या कामात पुढेही हात घातला. मुंबईला १९३३ साली विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तीच आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. तेथील प्राध्यापक अरविंद लाली यांच्या पथकाने काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची पद्धत बसवली आणि २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला रोज दहा टन माल घेणारे केंद्र चालू झाले. पुण्याच्या प्राज कंपनीने स्वतःची पद्धत तयार केली. त्याच तंत्रावर हरियाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना उभारला गेला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी तो देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी ती योजना. म्हणजे टनाला दीडशे लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल. या दोन्ही ठिकाणी नुसते द्रावक नाही. रसायने, उष्णता आणि विकर यांच्या बळावर ते काम चालते.

द्रावकाच्या वाटेने जाणारा मोठा कारखाना आपल्या देशात उभा राहिला तो आसामात, नुमालीगढला. तिथे फिनलंडमधल्या पद्धतीने बांबूचे लिंपण फॉर्मिक आम्लात उतरवतात. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर आग होते ते. मुंग्यांपासूनच ते प्रथम मिळाले, म्हणून त्याला मुंगीचे लॅटिन नाव पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये या कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू घेऊन सुमारे एकोणपन्नास हजार टन इथेनॉल काढायचे, अशी त्याची आखणी आहे. जोडीला ॲसेटिक आम्ल आणि फरफ्युराल हेही निघते.

हे फरफ्युराल नाव चमत्कारिक वाटेल, पण त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. लॅटिन भाषेत ‘फुरफुर’ म्हणजे कोंडा. कोंडा, चिपाड, दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस यांतल्या हेमिसेल्युलोजपासून ते होते. अमेरिकेत १९२२ पासून ओटच्या टरफलांपासून ते कारखान्यात होऊ लागले. फरफ्युरालपासून टेट्राहायड्रोफ्युरान नावाचे द्रावक तयार करता येते. आणि २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठातल्या चार्ल्स वायमन आणि चार्ल्स काय यांच्या पथकाने असे दाखवले, की या द्रावकात पाणी आणि थोडे आम्ल घातले, तर काडीचे लिंपण फार चांगले उतरते. ते ६६ अंशांलाच उकळते, म्हणून वाफ करून परत गोळा करणे सोपे जाते. काडीच्या कोंड्यातून द्रावक करायचे आणि त्या द्रावकाने काडी उघडायची! आपल्याकडे कोंड्याचा मांडा करून खाणे म्हणतात, ते हेच नाही का?

परंतु श्रोतेहो, इथे एक हिशेब मांडला पाहिजे. द्रावक हा शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या बैलासारखा असतो. काम झाले की त्याला धडधाकट परत करावे लागते. समजा, एक टन पाचटाला पाच टन द्रावक लागले आणि शंभरातला एकच भाग दर खेपेला वाया गेला. म्हणजे पन्नास किलो द्रावक गेले. आणि हाती काय आले? मघाचा आकडा धरला तर दीडशे लिटर इथेनॉल, म्हणजे वजनाने जेमतेम एकशे अठरा किलो. एकशे अठरा किलो मिळवायला पन्नास किलो गमावले, तर धंदा बुडालाच म्हणायचा. म्हणून द्रावकाच्या कारखान्याचे मर्म काडी उघडण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक द्रावकाचा थेंब न्‌ थेंब परत गोळा करण्यात आहे. शिवाय मद्यार्कासारखी ही द्रावके लवकर पेट घेतात. वाफ बाहेर सुटली, तर नुकसानीबरोबर धोकाही असतो. प्रयोगशाळेतले यश आणि गावाशेजारचा कारखाना यांच्यामध्ये हे अंतर आहे. ते कापायला वर्षे लागतात.

दुसरा हिशेब तर आपल्याच बांधावरचा आहे. शास्त्राच्या पुस्तकात ज्याला ‘टाकाऊ’ म्हणतात, ते शेतकऱ्याच्या घरी खरेच टाकाऊ असते काय? उसाचे वाढे जनावर खाते. ज्वारीचा कडबा तर आपल्या जिल्ह्यात सोन्याच्या मोलाचा. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरांचे जे हाल झाले, ते ज्यांनी पाहिले ते कडब्याला कधी टाकाऊ म्हणणार नाहीत. चिपाड कारखान्याच्या भट्टीत जळते आणि त्यावर वाफ आणि वीज होते. खरे उरते ते पाचट. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते आणि पुष्कळ ठिकाणी ऊसतोड झाली की ते पेटवून देतात. रात्री रस्त्याने जाताना शिवारात ज्वाळा दिसतात, त्या याच. त्या आगीत साखर जळते, मातीतले जीव जळतात आणि धुराने माणसांचे डोळे चुरचुरतात.

पण तेच पाचट सरीत पसरून कुजवले, तर जमिनीत ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या वाचतात, मातीला सेंद्रिय खत मिळते. आपल्या कमी पावसाच्या मुलखात ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा उद्या कुणी पाचट विकत मागायला आला, तर पहिला प्रश्न असा विचारावा, की जमिनीचा वाटा किती ठेवायचा? जे जाळले जाते ते द्यावे, जे जमिनीला हवे ते राखावे. सगळेच उचलून दिले, तर पेट्रोल मिळेल आणि माती उपाशी राहील.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. ऊसतोडीच्या हंगामात मुलांना घेऊन एखाद्या तुटलेल्या फडात जा. एक गुंठा जागा दोरीने आखा, त्यातले वाळलेले पाचट गोळा करून वजन करा. ऐंशी ते शंभर किलोच्या आसपास भरेल. मग मुलांना गणित घाला. टनाला दीडशे लिटरच्या हिशेबाने या गुंठ्यातून किती इथेनॉल निघेल? बारा ते पंधरा लिटर. आणि त्यातले निम्मे पाचट जमिनीला ठेवले तर? मुले उत्तर काढतील. त्या उत्तरातून त्यांना रसायनशास्त्रही कळेल आणि शेतीचा विवेकही.

शेवटी एकच सांगतो. १९५० पूर्वीही या जिल्ह्यात ऊस होता आणि खाजगी साखर कारखानेही होते. प्रवरेच्या शेतकऱ्यांनी नवा ऊस शोधून काढला नाही आणि साखर करण्याची नवी रीतही काढली नाही. त्यांनी फक्त एवढेच ठरवले, की ऊस घालणारा हाच कारखान्याचा धनी असावा. पाचटाच्या बाबतीत तीच वेळ आज ना उद्या येणार आहे. द्रावक सुधारेल, विकर स्वस्त होतील, बिनदाराच्या घरात माणूस एक दिवस वाट काढील. त्या दिवशी आपण पाचटाची गाडी वजनकाट्यावर रिकामी करून, पावती घेऊन घरी परतणार, की त्या कारखान्याच्या सभेत भागीदार म्हणून बसणार? याचे उत्तर प्रयोगशाळेतून येणार नाही. ते चावडीवर, सोसायटीच्या सभेत आणि शाळेच्या वर्गात आतापासूनच तयार व्हायला हवे.